डॉ. जॉन स्नो : पटकीच्या खऱ्या कारणाचा शोध

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तत्त्व ज्यांच्या कार्यातून प्रकर्षाने सिद्ध झाले, त्यांत ब्रिटिश वैद्यक डॉ. जॉन स्नो यांचे नाव अग्रभागी आहे.

१५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका श्रमिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी न्यूकॅसल येथील शल्यचिकित्सकाकडे ते उमेदवारी करू लागले. १८३१-३२ च्या साथीत खाणकामगारांवर उपचार करताना त्यांनी पटकीचे भीषण रूप जवळून पाहिले. पुढे लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून ते नावारूपाला आले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीसमयी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले.

पटकी दूषित हवेमुळे पसरते, असा तेव्हा समज होता. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांना नोंदींत वस्ती जितकी सखल तितके मृत्यू अधिक आढळले आणि या समजाला बळकटी मिळाली. आकडे खरे होते. अर्थ चुकला होता. सखल भागातील अनेक वस्त्या थेम्स नदीचे सांडपाणीमिश्रित पाणी पीत होत्या.

रोग पाण्यातून पसरतो, हे मत स्नो यांनी १८४९ मध्येच मांडले होते. पुराव्याची संधी १८५४ मध्ये आली. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरील शेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी घेत होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचे पाणी मात्र दूषितच होते. हवा, उंची, सांपत्तिक स्थिती सारखी. फरक केवळ पाण्याचा. स्नो यांनी घरोघरी चौकशी केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साउथवर्कच्या ग्राहकांत ३१५, तर लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले होते.

त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी त्यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ ओसरली, परंतु लोक घरे सोडून गेल्याने ती आधीच उतरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले. इतरांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली.

१६ जून १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे मत सर्वमान्य झाले नव्हते. १८६६ च्या साथीत फार यांनीही पाण्याचा दोष मान्य केला. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकाता येथे पटकीचा जंतू वेगळा केला आणि स्नो यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला.