ईस्ट इंडिया कंपनी जन्मायच्या 21 वर्षं आधी एक इंग्रज गोव्यात आला आणि कोकणीचं व्याकरण लिहून गेला

चाकण एमआयडीसीत परदेशी साहेब येतात, तीन-चार वर्षं राहतात आणि परत जातात. तोवर त्यांना 'चला', 'बास', 'चहा' एवढं मराठी येतं. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, आपणच त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो. पण साडेचारशे वर्षांपूर्वी एक साहेब असा आला होता की इथल्या लोकांनाही जमलं नव्हतं ते काम त्यानं केलं.

त्याचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

जन्म 1549 च्या सुमाराचा, इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या बुश्टन गावचा. तो मोठा होत होता तेव्हा राणी एलिझाबेथचं राज्य होतं आणि कॅथलिक असणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. स्टीफन्स कॅथलिक. तो रोमला पळाला आणि 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून त्याचं जहाज सुटलं, ते 24 ऑक्टोबरला गोव्याला लागलं. भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याचंच नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली 1600 साली, म्हणजे हिशोब करा.

पुढची 40 वर्षं तो गोव्यात राहिला, बहुतेक काळ सासष्टीत. 1583 मध्ये राल्फ फिच आणि त्याचे साथीदार हेर समजून होर्मुझला पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात आणले गेले, तेव्हा त्यांना सोडवायला हाच धावला. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं एक निरीक्षण नोंदवलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्याला वाटलं होतं. हाच मुद्दा विल्यम जोन्सनं कोलकात्यात मांडला तो 1786 मध्ये, आणि त्याचं नाव जगभर झालं. स्टीफन्सचं पत्र मात्र घरगुतीच राहिलं.

आता मुख्य गोष्ट. तो ज्या सासष्टीत काम करत होता, तिथली देवळं काही वर्षांपूर्वीच पाडली गेली होती. जुन्या पोथ्या ठेवायला बंदी होती. धर्म बदललेल्या लोकांची अडचण अशी की जुनी पुराणं गेली आणि नवं ऐकायला काहीच नाही. मग स्टीफन्सनं येशूची कथा ओवीत बांधली. जवळपास 11 हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, अधूनमधून कोकणी शब्द. कारण त्या काळी गोव्यात लोक बोलायचे कोकणी, पण पोथी वाचायची तर मराठीत. त्यातलं मराठीचं कौतुक आपल्यातल्या अनेकांनी शाळेत पाठ केलेलं असतं. ते करणारा माणूस पोथ्यांवर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आसऱ्यानं आला होता, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्याला काही इलाज नाही.

कोकणीसाठी त्यानं वेगळं काम केलं. नव्या पाद्र्यांना लोकांची बोली यावी म्हणून पोर्तुगीजमध्ये तिचं व्याकरण लिहिलं. साचा लॅटिनचा, पण आत माल रस्त्यावरच्या भाषेचा. 1619 मध्ये तो वारला. दियोगो रिबैरो या पाद्र्यानं त्यात भर घातली आणि 1640 मध्ये रायतूरलाच 'आर्ते द लिंग्वा कानारीं' छापून निघालं. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण ते हेच मानतात.

अक्षरं रोमन होती. देवनागरीचे खिळे पाडायची त्याची इच्छा होती, ते काही झालं नाही. मग 'ळ' कसा लिहायचा? त्यानं एल दोनदा लिहिला. रोमी कोकणीत आजही तसाच लिहितात.

पुढं उलटंच घडलं. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेसाठी पाद्र्यांनी व्याकरण छापलं, तीच आता नकोशी झाली. ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यातली एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हातानं उतरवून घेणाऱ्या लोकांमुळं. त्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. 1956 मध्ये आपल्या पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती काढली. लंडनच्या मार्सडन संग्रहातही एक देवनागरी हस्तलिखित निघालं. व्याकरण मात्र आधीच, 1857 मध्ये, कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गोव्यात पुन्हा छापलं होतं.

1987 मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये आठव्या परिशिष्टात गेली. पर्वरीला स्टीफन्सच्या नावानं कोकणी केंद्र आहे. राजभाषा कायद्यानं मान्यता दिली ती देवनागरी कोकणीला. त्याच्या रोमन अक्षरांना तोच दर्जा मिळावा म्हणून गोव्यात अजून भांडण चालू आहे.