वेल्लोरचे हातांचे डॉक्टर : पॉल ब्रँड

हैदराबादच्या मराठी घरांतून कोणी ना कोणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात उपचारासाठी जाऊन आलेले असतेच. त्याच रुग्णालयात 1946 साली रुजू झालेल्या एका शल्यविशारदाची ओळख आम्ही या वेळी करून देत आहोत. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग्यांची सेवा म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. निजामाबादजवळचा डिचपल्लीचा दवाखानाही आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पण या रोगात बोटे का झडतात, हे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण आजही चुकीचे उत्तर देतील. ते उत्तर शोधण्यात मोठा वाटा डॉ. पॉल ब्रँड यांचा आहे.

ब्रँड कुळाने इंग्रज, पण जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली मलईच्या डोंगरातला, 17 जुलै 1914 चा. आईवडील मिशनरी. डोंगरातल्या लोकांना औषधपाणी देणे, घरे बांधणे, मुलांना शिकवणे, सगळे तेच करीत. नवव्या वर्षी पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले आणि वडिलांची पुन्हा भेट झालीच नाही. 1929 साली ते तापाने डोंगरातच वारले. आई मात्र म्हातारपणीही त्याच डोंगरांत हिंडत राहिली आणि 1974 साली, वयाच्या 95 व्या वर्षी गेली.

लहानपणी वडिलांना जखमा धुताना पाहून पॉलला डॉक्टरकीची किळस बसली होती. म्हणून शाळा सुटल्यावर त्याने सुतारकाम आणि गवंडीकाम शिकण्यात काही वर्षे घातली. घरच्यांना ती वर्षे फुकट गेल्यासारखी वाटली असतील. आम्हाला तसे वाटत नाही. का, ते पुढे येईलच. नंतर मन पालटले आणि ऐन महायुद्धात, बाँबहल्ल्यांच्या लंडनमध्ये, त्यांनी वैद्यकीय शिक्षण पुरे केले. 1943 साली मार्गारेट यांच्याशी लग्न झाले. त्याही डॉक्टर.

1947 साली डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ब्रँडना चिंगलपेटचे कुष्ठधाम दाखवायला नेले. तिथे पंजासारखी वाकलेली बोटे जिकडेतिकडे दिसत होती. या हातांवर शस्त्रक्रिया कोण करते, असे ब्रँडनी विचारले, तेव्हा कोणीच नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी एका रोग्याच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि जोर लावून दाबायला सांगितले. ती पकड इतकी घट्ट होती की ब्रँडना वेदना झाल्या. म्हणजे हा हात मेलेला नव्हता. बोटे मिटवणारे स्नायू शाबूत होते.

मग त्यांनी कितीतरी रोग्यांचे हात एकेक स्नायू करून तपासले आणि सगळीकडे तोच नमुना आढळला. या रोगाच्या जंतूंना शरीराचा थंड भाग मानवतो. त्यामुळे कोपरापाशी आणि मनगटापाशी कातडीलगत येणाऱ्या नसा सापडतात आणि तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात. कोपराखालचे मोठे स्नायू मात्र बहुधा वाचतात. तेव्हा अशा चांगल्या स्नायूचा टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून घ्यायची आणि बोटांना नव्या वाटेने जोडायची. युद्धातल्या जखमींवर आणि पोलिओच्या रोग्यांवर असे केले जात होते. कुष्ठरोग्यांवर ते पद्धतशीर करून दाखवले ब्रँडनी. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करून मेंदूला सगळे नव्याने शिकवावे लागे, कारण काल मनगट हलवणारा स्नायू आज बोट हलवत असे.

पण सरळ झालेल्या हातांवरही जखमा होतच राहिल्या. कुष्ठरोग्याचे मांस सडतेच, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. एकदा गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. एका रोगी मुलाने ते सहज उघडले. पाहतात तर त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले आणि त्याला पत्ताच नाही. वेदना नव्हती, म्हणून तो थांबला नव्हता. तेव्हापासून ब्रँड प्रत्येक जखमेचे कारण शोधू लागले. कोणी गरम भांडे धरलेले असे, कोणाच्या हातोड्याची मूठ खरखरीत निघे. काहींच्या बोटांचा तुकडा रात्रीतून नाहीसा होई, ते मात्र कोडेच होते. रात्री पहारा ठेवल्यावर कळले, झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यानंतर घरी जाणाऱ्या रोग्यासोबत एक मांजर देण्याची पद्धत पडली.

दुसरी अडचण कोणाच्या ध्यानात आली नव्हती. काही रोगी भीक मागून जगत. हात सुधारल्यावर त्यांना भीक मिळेना, आणि काम तर कोणी देईना. चांगली शस्त्रक्रिया करून आपण याचे पोट मारले की काय, असा प्रश्न डॉक्टरसमोर उभा राहिला. ब्रँडनी तो दुसऱ्यावर ढकलला नाही. वेल्लोरला एक छोटी वसाहत उभारून ते रोग्यांना स्वतः सुतारकाम शिकवू लागले, लाकडी खेळणी करवून घेऊ लागले. तरुणपणी शिकलेला रंधा असा कामी आला. हत्यार कसे धरावे, मूठ कशी असावी, हे त्यांना कोणा कारागिराला विचारावे लागले नाही. मार्गारेटबाईंनी याच रोग्यांचे डोळे वाचवण्याचे काम हाती घेतले.

एकदा परदेशात लांबच्या रेल्वेप्रवासानंतर ब्रँडना स्वतःची टाच बधिर लागली. सुई टोचली, काही कळले नाही. आपल्यालाही रोग जडला, या विचारात रात्र डोळ्यांतून गेली. सकाळी पुन्हा सुई टोचली तेव्हा जोराची कळ आली. प्रवासात नस दबली होती, एवढेच. त्या कळेचा इतका आनंद त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

1960 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. 1966 साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे वेदनेची सूचना देणारे यंत्र बनवण्याचा खटाटोप त्यांनी केला आणि तो फसला: काम करायचे असले की रोगी सूचनेकडे काणाडोळा करीत किंवा यंत्रच बंद करीत. तिथेच त्यांच्या लक्षात आले की मधुमेह्यांच्या बधिर पायांचीही तीच गत आहे. ते रोग्यांचे तळवे स्वतःच्या हाताने चाचपून बघत. जिथे ऊब जास्त लागे तिथे दाब पडतो आहे असे समजून पादत्राण बदलून देत. आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे. नव्या चपलेचा टाका लागून झालेला फोड तीन दिवसांनी मोजा काढताना दिसला, अशा गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत.

1986 साली निवृत्त होऊन ते सिॲटलला राहिले आणि 8 जुलै 2003 रोजी तिथेच वारले.