वेदनेचा अर्थ शोधणारा भूलतज्ज्ञ

जखम जितकी मोठी तितकी वेदना तीव्र, हा समज डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ रूढ होता. त्याला रणभूमीवरील नोंदींच्या आधारे आव्हान दिले ते अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉ. हेन्री बीचर यांनी.

कॅन्सस राज्यात १९०४ मध्ये जन्मलेल्या बीचर यांचे मूळ नाव हॅरी उनांग्स्ट. बीचर हे आडनाव त्यांनी तरुणपणी स्वीकारले. १९३२ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळवल्यानंतर १९३६ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

दुसऱ्या महायुद्धात ते उत्तर आफ्रिका व इटलीतील आघाडीवर होते. तेथे २१५ गंभीर जखमी सैनिकांकडे त्यांनी वेदनेविषयी विचारणा केली. सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक नकोच होते. त्यांच्या संवेदना बधिर झाल्या असाव्यात, असे म्हणावे, तर सुई नीट टोचली गेली नाही की हेच जवान इतरांप्रमाणेच तक्रार करीत. १९४६ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी त्यांनी तुलना केली, तेव्हा त्यांच्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी वेदनाशामक मागितल्याचे आढळले. बीचर यांच्या मते फरक जखमेत नव्हता, तिच्या अर्थात होता. सैनिकासाठी जखम म्हणजे मृत्यूच्या छायेतून सुटका होती. नागरिकासाठी शस्त्रक्रिया हेच संकट होते.

निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगांनी हा विचार पुढे नेला. प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेल्या वेदनेवर मॉर्फिनचा परिणाम खात्रीने दाखवता येत नव्हता. खऱ्या आजारातील वेदनेवर मात्र तो स्पष्ट दिसे. प्रयोगातील वेदना हवी तेव्हा थांबेल, हे स्वयंसेवकाला ठाऊक असते. त्यामुळे तिला चिंतेची जोड नसते, असे बीचर यांचे स्पष्टीकरण होते.

१९५५ मध्ये त्यांनी औषधाविना केवळ विश्वासाने येणाऱ्या गुणावर गाजलेला निबंध लिहिला. त्यातील आकडेवारीवर पुढे टीका झाली, पण नव्या औषधाची तुलना निरुपद्रवी गोळीशी करण्याच्या पद्धतीला त्याने बळ दिले. १९६६ मध्ये रुग्णांना पुरेशी कल्पना न देता झालेल्या संशोधनाची २२ उदाहरणे मांडून त्यांनी स्वतःच्याच व्यवसायाला जाब विचारला. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

अपुरी झोप, भीती, लक्ष कोठे आहे, पूर्वानुभव आणि आनुवंशिकता यांमुळे निरोगी माणसांचीही वेदनेची जाणीव बदलते, हे आता मान्य झाले आहे. वेदना हा व्यक्तिगत अनुभव असून त्यावर शारीरिक, मानसिक व सामाजिक घटकांचा प्रभाव पडतो, असे वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपल्या सुधारित व्याख्येसोबत नमूद केले. जखम लहान दिसते म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरवू नये, हा बीचर यांच्या कार्यातून मिळणारा धडा आजही प्रत्येक रुग्णालयात तितकाच मोलाचा आहे.