कागदावरचा हक्क आणि हातातली सत्ता

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी हे लहान पोरांनाही तोंडपाठ असते. पण बाबासाहेब राजकीय सत्तेसाठी आयुष्यभर एवढे का झगडले, त्यासाठी गांधीजींचा आणि काँग्रेसचा रोष त्यांनी का पत्करला, असे विचारले तर पुष्कळ जण थबकतात. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचा तेवढाच धागा उलगडावा, असे वाटते. या धाग्याचे एक टोक थेट अमेरिकेत आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९१३ साली, जोतीरावांना गुरू मानणारे बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला पोचले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत सुभेदार रामजींच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं होतं. कोलंबिया विद्यापीठात मात्र तो सगळ्यांच्या बरोबरीने बसला. १९१५ साली एम. ए. झाला, आणि मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा आपला गाजलेला निबंध त्याने तिथेच वाचला.

पण अमेरिका म्हणजे काही स्वर्ग नव्हता. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही वस्ती होती. त्या वर्षांत तिथे काळे लोक मोठ्या संख्येने राहायला येत होते. त्यांच्यात तेव्हा एक मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन सांगत, आधी हुन्नर शिका, चार पैसे कमवा, राजकीय हक्कांसाठी घाई करू नका. डॉ. ड्यू बॉइस यांना हे मुळीच मान्य नव्हते. मताचा अधिकार हातात नसेल तर कमावलेले घर आणि जमीनही टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये असतानाच, १९१५ साली, वॉशिंग्टन वारले. वाद मात्र मिटला नाही.

या वादामागे एक कटू इतिहास होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, १८७० साली काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. काही काळे लोक कायदेमंडळात निवडूनही गेले. पण १८७७ साली दिल्लीसारख्या तिथल्या मध्यवर्ती सरकारने दक्षिणेतून आपले सैन्य मागे घेतले आणि गोऱ्यांचे राज्य पुन्हा आले. मग मतदानासाठी कर भरा, वाचून दाखवा, अशा अटी घातल्या. घटना तीच, कलमे तीच, पण काळ्यांचे मत गेले. ते खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ साल उजाडावे लागले.

बाबासाहेब १९१७ साली भारतात परतले. एवढा शिकलेला माणूस, पण बडोद्यात त्यांना राहायला धड जागा मिळाली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताचा अधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले. पाणी आणि मंदिराची लढाई त्यानंतरची आहे, हे आपण ध्यानात ठेवावे. गोलमेज परिषदेतही त्यांनी तीच मागणी लावून धरली. ऑगस्ट १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ मंजूर झाले. म्हणजे आपला माणूस आपल्याच मतांनी निवडायचा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत द्यायचे. गांधीजींनी येरवड्यात उपोषण धरले. त्यांच्या मते यामुळे हिंदू समाज दुभंगणार होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की समाज आधीच दुभंगलेला आहे, आम्ही फक्त संरक्षण मागतो. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. १४८ राखीव जागा मिळाल्या, पण शेवटची निवड सगळ्यांच्या मतांवर गेली.

काँग्रेसवाले विचारत, आधी स्वराज्य येऊ द्या, मग तुमचे बघू. एवढी घाई कशाला? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात दिले. काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, असा सवाल करणारे ते पुस्तक. त्यात त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचाच दाखला दिला. लिंकनचा मुख्य हेतू देश एकसंध राखणे हा होता, गुलामांची मुक्ती त्याच्या ओघात आली. काळे लोक लढले, आणि युद्ध संपल्यावर वाऱ्यावर सोडले गेले. तसे आपल्या लोकांचे होऊ नये, म्हणून हमी आधी हवी. दुसऱ्याचे तोंड दुधाने पोळलेले पाहून बाबासाहेब ताक फुंकून पीत होते.

१९४६ साली त्यांनी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवले. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांचे आपुलकीचे उत्तर आले. दोघेही परदेशात शिकलेले पंडित, आणि दुखणे एकच.

पुढे घटना लिहिण्याचे काम बाबासाहेबांकडे आले. एक माणूस एक मत, अस्पृश्यताबंदी, राखीव जागा हे सारे घटनेत आले. तरीही समाजात विषमता राहिली तर ही लोकशाही धोक्यात येईल, असे त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीला बजावले. १९५२ साली ते स्वतः मुंबईत निवडणूक हरले. घटनेच्या शिल्पकारालाही मते कमी पडली! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली, आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मनाची गुलामी धम्माने जाते, पण गावातली गुलामी जायला सत्तेत वाटा लागतो. दोन्ही वाटा त्यांनी दाखवल्या.

आज गावोगाव ग्रामपंचायतीत राखीव जागा आहेत. सरपंच आपला, पण शिक्का दुसऱ्याच्या खिशात, असे कित्येक ठिकाणी दिसते. खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे, हा अमेरिकेचा धडा इथेही लागू पडतो. बेलापूरच्या आपल्या विहारात रविवारी वंदनेनंतर पोरापोरींना घटनेचे एखादे कलम समजावून सांगितले, ग्रामसभेला बायाबापड्या मिळून गेलो, मत विकले नाही, तर बाबासाहेबांच्या या लढ्याचे चीज होईल.

नमो बुद्धाय! जयभीम!