दौलतखान : शिवरायांच्या आरमाराचा सरदार

आमच्या वाशिम जिल्ह्यातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. शिवरायांचं नाव निघालं की इथं 1670 ची कारंजाची लूट आठवते, आरमार नाही. म्हणूनच दौलतखान हे नाव आमच्याकडे फारसं निघत नाही.

1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवरायांनी जहाजं बांधायला घेतली. पुढे या आरमाराचे दोन मोठे सरदार झाले, दर्यासारंग आणि दौलतखान. समोर जंजिऱ्याचा सिद्दी, तोही मुसलमानच. पण ती लढाई धर्माची नव्हती, किनाऱ्यावर हुकूम कुणाचा चालणार याची होती.

दौलतखानाची किंमत काय होती, हे कळतं ते जानेवारी 1675 च्या एका पत्रातून. जंजिऱ्याजवळ पद्मदुर्गाचं काम चालू होतं, त्याच्या मदतीला आरमार जायचं होतं. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमारासाठी लागणारा पैसा आणि धान्य दिलंच नाही. खलाशी उपाशी असतील तर जहाज हलणार कसं? शिवरायांनी सुभेदाराला फार कडक शब्दांत झापलं. हबशांनी काही देऊन तुला फोडलं की काय, असा संशय घेतला, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही हेही बजावलं. रसद पोहोचवणं हीच तिथं निष्ठा होती, जात कुठलीही असो. आम्हाला तर हे पत्र कुठल्याही मानपदकापेक्षा मोठं वाटतं.

मग आली खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोरचं हे छोटं बेट. ऑगस्ट 1679 मध्ये मायनाक भंडारीने तिथं तटबंदी सुरू केली. इंग्रज चिडले, कारण त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच हा पहारा बसत होता. त्यांनी जहाजं आणून बेट घेरलं. 18 ऑक्टोबरला दौलतखान गलबतांचा ताफा घेऊन थेट त्यांच्यावर गेला. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब पकडली गेली, छोट्या नावा पळाल्या. ‘रिव्हेंज’ मात्र टिकली, तिच्या तोफांपुढे मराठ्यांना मागे हटावं लागलं. म्हणजे मैदान पूर्ण मारलं असं नाही. पण बेटाची रसद तुटली नाही! मोठी जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी, आणि आपली हलकी गलबतं रात्रीच्या अंधारात वल्ही मारत माल पोहोचवून परत.

जानेवारी 1680 मध्ये सिद्दी कासमने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली. दौलतखानाने तिच्यावर हल्ला केला, तो फसला आणि तो स्वतः जखमी झाला. उंदेरी सिद्दीकडेच राहिली. इंग्रजांनी मात्र वेढा उठवला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिवराय गेले.

2019 मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीचं नाव ‘खांदेरी’ आहे.