पैठणचा हिशेबनीस

वारंगा फाट्याच्या परिसरातील खेड्यांत काय किंवा खुद्द पैठणला काय, हरिनाम सप्ताहात भारूड रंगले की श्रोते पोट धरून हसतात. भारुडाचा हा वारसा समृद्ध करणारे संत एकनाथ स्वतः सरकारी दप्तरात मुरलेले होते, याचा मात्र विसर पडतो.

सोळाव्या शतकात पैठणला, संत भानुदासांच्या कुळात एकनाथांचा जन्म झाला. मातापिता लवकर निवर्तल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. कोवळ्या वयातच ते देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी निजामशाहीच्या चाकरीत त्या किल्ल्याचा कारभार पाहत. तेथे नाथांना अध्यात्माबरोबर हिशेबाचेही शिक्षण मिळाले. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही याच काटेकोर वृत्तीने.

त्यांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड म्हणजे कनिष्ठ अंमलदाराने वरिष्ठाला धाडलेल्या फारसीमिश्रित अर्जाचा हुबेहूब नमुना. परगणा मात्र शरीराचा. जीव हा शेखदार, बुद्धी हा कारकून. तक्रार अशी की, दंभाजी शेट्या कचेरीत ठाण मांडून बसला आहे, मनीराम देशमुख आपले काम परभारे उरकतो, ममताई देशपांडीण आपलाच कारभार चालविते. सरकारकाम मात्र पुढे सरकत नाही.

या भारुडाचा हेतू पारमार्थिक होता, हे खरेच. परंतु वतनदारांची मनमानी रयतेच्या ओळखीची नसती, तर हे रूपक तिला उमगलेच नसते. नाथांनी कचेरीची भाषा कचेरीवरच उलटविली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दंभ आणि ममता यांना त्यांनी श्रोत्याच्याच देहात बसविले. दुसऱ्याला हसता हसता श्रोता स्वतःलाही हसू लागतो.

लाच हा दोन पक्षांचा व्यवहार आहे. एकाला अधिकाराचे मोल हवे असते, दुसऱ्याला रांग चुकवायची असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. लाच देणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१८ च्या दुरुस्तीने. ज्याला नाइलाजाने पैसे मोजावे लागले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. अडलेला शेतकरी व घाईतला कंत्राटदार यांना एका मापाने मोजता येत नाही. परंतु सोयीसाठी पाकीट सरकवून चव्हाट्यावर सरकारला नावे ठेवणारा सुशिक्षित वर्ग लहान नाही. दंभाजी शेट्याचे ठाणे अद्याप उठलेले नाही, ते त्याच्याही देहात.