कॅन्सर झालाय हे फ्रॉइड सोडून सगळ्यांना माहीत होतं, मग त्यानं नवा डॉक्टर निवडताना एक अट घातली

सिग्मंड फ्रॉइडचं नाव काढलं की स्वप्नं, नेणीव आणि कोचावर आडवं पडून मनातलं बोलणारे पेशंट आठवतात. लोकांनी स्वतःपासूनही लपवलेलं बाहेर काढायचं, हेच त्याचं काम. पण त्याच फ्रॉइडच्या तोंडात कॅन्सर निघाला, तेव्हा ही गोष्ट त्याला सोडून बाकी बऱ्याच जणांना माहीत होती.

साल 1923, गाव व्हिएन्ना. फ्रॉइड तेव्हा 66 वर्षांचा होता आणि दिवसाला वीसेक सिगार ओढायचा. फेब्रुवारीत त्याला उजव्या बाजूला टाळूजवळ काहीतरी वाढलेलं जाणवलं. तो स्वतः डॉक्टर, तरी दोन महिने गप्प बसला. दाखवायला गेलं की आधी सिगार बंद होणार, ही भीती होती.

एप्रिलमध्ये त्यानं फेलिक्स डॉइच या ओळखीच्या डॉक्टरला तोंड उघडून दाखवलं. डॉइचला बघताक्षणी कळलं की हा कॅन्सर आहे. पण सिगारमुळे पांढरा चट्टा आलाय, काढून टाकू, एवढंच त्यानं सांगितलं. खरं सांगितलं तर फ्रॉइड जिवाचं बरंवाईट करून घेईल, अशी त्याला धास्ती वाटली. हेतू चांगला होता. आपल्याकडेही घरोघरी हेच होतं, रिपोर्ट सगळ्यांनी वाचलेला असतो, फक्त पेशंटनं नाही.

पण या लपवाछपवीत फ्रॉइडचा जीव जाता जाता राहिला.

किरकोळ काम आहे समजून फ्रॉइड घरी काही न सांगता ऑपरेशनला गेला. मार्कुस हायेक या सर्जननं बाह्यरुग्ण विभागातच ते उरकलं. रक्त थांबेना. घरी निरोप गेला, रात्रीपुरतं सामान घेऊन या. बायको मार्था आणि मुलगी अ‍ॅना धावत पोचल्या, तर फ्रॉइड रक्तानं माखून एका खुर्चीत बसलेला. त्या दोघींना भेटीची वेळ संपली म्हणून घरी पाठवलं. एका छोट्या खोलीत त्याला झोपवलं होतं आणि तिथं पुन्हा रक्त वाहायला लागलं. त्याला हाक मारता येईना, बेल बिघडलेली. त्याच खोलीत शारीरिक आणि बौद्धिक वाढ खुंटलेला एक पेशंट होता. तो पळत जाऊन नर्सला घेऊन आला, म्हणून फ्रॉइड वाचला. त्या रात्री अ‍ॅना त्याच्याजवळून हलली नाही.

पुढे एक्स-रे आणि रेडियमचे उपचार झाले. ते कशासाठी, तर म्हणे खबरदारी.

जूनमध्ये त्याचा साडेचार वर्षांचा लाडका नातू हाइनेले क्षयरोगानं गेला. या धक्क्यातून तो कधीच पुरता सावरला नाही. ऑगस्टमध्ये त्याचे सगळ्यात जवळचे शिष्य इटलीतल्या डोंगरात जमले. डॉइचनं त्यांना खरं सांगितलं. गुरूला सांगायचं की नाही यावर चर्चा झाली आणि ठरलं, नाही सांगायचं. त्याला अ‍ॅनासोबत रोमला जायचंय ना, जाऊन येऊ दे. या प्रवासात रेल्वेतच त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली.

परतल्यावर मात्र लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर या निष्णात सर्जननं दोन ऑपरेशनं करून वरच्या जबड्याचा आणि टाळूचा उजवीकडचा मोठा भाग काढला. तोंड आणि नाक वेगळं ठेवायला कवळीसारखा एक भलामोठा कृत्रिम भाग बसवला. घरात सगळे त्याला राक्षस म्हणायचे. तो घातला की दुखायचं आणि काढला तर खाता-बोलता यायचं नाही. उजवा कान गेला, म्हणून फ्रॉइडनं कोच आणि खुर्चीची जागा बदलली, म्हणजे डाव्या कानानं पेशंटचं ऐकता येईल.

आणि एवढा हुशार माणूसही त्या काळच्या एका फॅडला भुललाच. नोव्हेंबर 1923 मध्ये त्यानं श्टाइनाख ऑपरेशन करून घेतलं. ते म्हणजे साधी नसबंदी. त्यानं तारुण्य परत येतं असा तेव्हा बोलबाला होता, आणि फ्रॉइडला आशा होती की कॅन्सरही परतणार नाही. काही उपयोग झाला नाही.

डॉइचवरचा त्याचा विश्वास उडाला. शिष्यांची ती चर्चा त्याला बऱ्याच वर्षांनी लंडनमध्ये कळली, तेव्हाही तो भडकला. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी, असा त्याचा सवाल होता.

1929 मध्ये माक्स शूर हा तरुण डॉक्टर त्याच्याकडे आला. पहिल्याच भेटीत अट ठरली, माझ्याशी कधी खोटं बोलायचं नाही. आणि वेळ आली की विनाकारण तडफडू द्यायचं नाही. शूरनं शब्द दिला.

अ‍ॅनाशीही एक करार होता. कृत्रिम भाग काढणं-बसवणं, जखमा साफ करणं सगळं ती करायची, पण रडारड, हळहळ अजिबात नाही. बापलेकीनं तो वर्षानुवर्षं पाळला.

16 वर्षांत तिसाहून जास्त ऑपरेशनं झाली. याच काळात त्याची काही महत्त्वाची पुस्तकं आली. गुंगी नको म्हणून तो बहुतेक वेळा ॲस्पिरिनवरच भागवायचा. सिगार मात्र सुटली नाही, शूरनं कानीकपाळी ओरडूनही.

1938 मध्ये नाझी व्हिएन्नात शिरले आणि जूनमध्ये फ्रॉइड कुटुंब लंडनला गेलं. सप्टेंबरमध्ये पिखलर खास तिथं येऊन त्याचं ऑपरेशन करून गेला. डिसेंबरात बीबीसीनं फ्रॉइडचा आवाज रेकॉर्ड केला. तो आजही ऐकायला मिळतो, शब्द अडखळत येतात ते त्या राक्षसामुळेच.

1939 च्या सुरुवातीला निदान झालं की आता ऑपरेशन शक्य नाही. हे त्याला स्पष्ट सांगण्यात आलं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो पेशंट बघत होता. जखमेला इतका वास यायचा की त्याची लाडकी कुत्रीही जवळ येईना, माश्या बसू नयेत म्हणून पलंगाला मच्छरदाणी लावली. पलंग अभ्यासिकेत, बाग दिसेल असा.

21 सप्टेंबरला त्यानं शूरचा हात धरून जुन्या कराराची आठवण करून दिली आणि अ‍ॅनाशी बोलून घे, असं सांगितलं. अ‍ॅना आधी तयार नव्हती, मग तिनं मान्य केलं. शूरनं मॉर्फिन दिलं. 23 सप्टेंबरच्या पहाटे फ्रॉइड झोपेतच गेला.